पंच्याऐंशी टक्के

कॉलेजचा दर्जा ठरवणारी कमिटी येणार हे पक्कं झालं आणि जळगाव जामोदच्या त्या कॉलेजात सगळ्यांना एकाएकी सगळं आठवायला लागलं. ग्रंथालयातलं घड्याळ बंद आहे, मुलींच्या खोलीच्या दाराला कडी नाही, मागच्या भिंतीवर कुणीतरी बदाम काढून ठेवलाय. रंगारी आले, कुंड्या आल्या, कुंड्यांत फुललेली रोपंही आयतीच आली. याआधीच्या कमिट्या साध्या असायच्या. त्या इमारत बघायच्या, पुस्तकांची कपाटं बघायच्या, पोटभर जेवायच्या आणि जायच्या. या कमिटीची खोड वेगळी होती. तुम्ही काय शिकवलंत ते राहू द्या, पोरं काय शिकली ते दाखवा, असं तिचं म्हणणं होतं. हा प्रश्न त्या कॉलेजला आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे जो तो जरा बिचकला होता.

हे सगळं जुळवून आणायचं काम छाया मॅडमांच्या गळ्यात पडलं. मॅडम इंग्रजीच्या, नोकरीत सगळ्यांत नव्या, म्हणजे नाही म्हणायची सोय नसलेल्या. त्यांनी प्रत्येक विभागाला सांगितलं, की आपला विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता येईल ते एकेका वाक्यात लिहा, आणि ते किती जणांना साधलं ते टक्क्यांत काढा. याला अध्ययन निष्पत्ती असं भारदस्त नाव होतं. इतिहासाच्या सरांनी 'विद्यार्थी आदर्श नागरिक होईल' असं लिहिलं, पुढे शंभर टक्के टाकले आणि ते चहाला निघून गेले.

वनस्पतिशास्त्राचे प्रेमानंद हिवराळे सर तसे नव्हते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, तासाला कधी दांडी नाही. जळगाव जामोदच्या बाजारात भाजी घ्यायला थांबले तरी दोन माजी विद्यार्थी पिशवी धरायला पुढे यायचे. सरांनी विचार करून एक वाक्य लिहिलं: हा अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी बियाण्याची उगवणशक्ती स्वतः तपासू शकेल. पोरं खेड्यांतली होती, घरोघरी सोयाबीन होतं. पेरण्याआधी घरचं बी उगवेल की नाही ते कळणं यापरतं उपयोगाचं शिक्षण काय असणार? ते वाक्य सरांना फार आवडलं.

आता सरांच्या प्रयोगशाळेतली शिस्त सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कुठलाही आकडा आधी पेन्सिलनं लिहायचा. मग सरांच्या टेबलाशी यायचं. सरांनी बघून मान हलवली की त्यावर पेन फिरवायचं. मान नाही हलली तर परत आपल्या जागेवर. उगवणशक्तीच्या प्रयोगाला तर पहिल्या फेरीत मान कधीच हलत नसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी उलगडून कोंब आलेले दाणे मोजायचे, एवढाच तो प्रयोग. पण कॉलेजातलं बी डब्यात पडून म्हातारं झालेलं असायचं, रविवारी पाणी मारायला कुणी नसायचं, आणि निम्मे दाणेही धड उगवायचे नाहीत. पोरगं पेन्सिलीतला आकडा घेऊन आलं की सर म्हणत, "पाणी कमी पडलं असेल तुझ्याकडून. चांगलं बी पंच्याऐंशीच्या आसपास येतं. पंच्याऐंशी धर." पोरगं पंच्याऐंशी धरायचं, सरांची मान हलायची. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही पंच्याऐंशीच बघायची सवय होती. सरांना यात खोटं असं काही वाटत नसे. पद्धत कळली म्हणजे झालं, आकडा काय, थोडा इकडेतिकडे होतो, असं त्यांच्या सरांनी त्यांना सांगितलं होतं आणि तेच ते पुढे सांगत आले होते.

"सर, तुमचे टक्के छान आहेत," छाया मॅडम एका दुपारी म्हणाल्या. "पण सगळ्यांचेच छान आहेत. कमिटीला टक्क्यांचा वीट आलाय म्हणतात. एखादा जिवंत माणूस दाखवता येईल का? हे शिकून ज्यानं खरंच काही केलं असा?"

सरांची छाती फुगली. असे दोन जण त्यांच्या जिभेवर होते. एक सागर, जो इथून पदवी घेऊन पुढे लॅबचा कोर्स करून खामगावला रक्त तपासायच्या कामाला लागला होता. आणि दुसरी सुवर्णा उमाळे, तिसऱ्या वर्षाची. उन्हाळ्यात बसस्टँडवर भेटली तेव्हा ती स्वतःहून म्हणाली होती, "सर, बाबाचं बी मी तपासून देल्लं. आता शेजारचे बी विचारून राह्यले." त्या वेळी सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती आणि घरी जाऊन बायकोलाही कौतुकानं सांगितलं होतं. छाया मॅडमांनी लगेच दोघांचे फोटो मागवले. सागरचा मोठा करून वऱ्हांड्यातल्या फलकावर लावायचा आणि सुवर्णानं कमिटीसमोर गोणपाट उलगडून प्रात्यक्षिक द्यायचं, असं ठरलं.

फक्त सुवर्णा कॉलेजात येत नव्हती. फोन उचलत नव्हती. मैत्रिणींना विचारलं तर त्या एकमेकींकडे बघत. शेवटी एका रविवारी सरांनी मोटरसायकल काढली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तिच्या गावाला निघाले. पाऊस उघडला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला यायच्या बेतात होतं. गाव जवळ आलं तशी मात्र काही वावरं वेगळी दिसायला लागली. तिथलं पीक आत्ता कुठे दोन पानांवर होतं. दुबार पेरणी झालेली दिसते, असं सरांच्या मनात आलं आणि ते पुढे गेले.

सुवर्णाचे वडील हिंमतराव अंगणातच बाज टाकून बसले होते. सरांना बघून ते असे उठले, की जणू घरी लग्नाचं बोलणं करायला पाहुणे आले. खुर्ची आली, पाणी आलं. सुवर्णाची आई कौशल्याबाई चहा घेऊन आली आणि सरांनी "तुम्ही नाही घेत?" विचारल्यावर हसली.

"मले साखरेची बिमारी हाय ना. आपल्या गावचा सागर हाय खामगावले, तुमच्याच हाताखालचा. त्याच्याचकडं तपासतो. तो आकडा सांगते, मंग डाक्टर गोळी देते."

"हुशार पोरगा," सर म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

मग हिंमतरावांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं. त्यांचं घरचं बी होतं. गेल्या काढणीला गंजी पावसात भिजली होती, म्हणून त्यांना धाकधूक होती, पण पोरीनं तपासून सांगितलं, शंभरात पंच्याऐंशी. मग त्यांनी बिनघोर पेरलं. एवढंच नाही, शेजारच्या पंचफुलाबाईला दिलं, आणखी दोघा-तिघांना दिलं. कुणाच्याच वावरात धड उगवलं नाही. सगळ्यांना मोडून पुन्हा पेरावं लागलं.

"आता गावात म्हणून राह्यले, हिंमतरावानं सडकं बी वाटलं. पंचफुलाबाई तं मायाशी बोलत नाई. भाऊ म्हणे ती मले." हिंमतरावांचा आवाज जरा चढला. "मी म्हणतो, बी सडकं कसं असन? कालेजात शिकलेल्या पोरीनं तपासलं ना! पेरलं अन् पाण्यानं दडी मारली, वरून जमिनीनं पपडी धरली. त्याले बी काय करन? सांगा ना सर तुमी."

सर म्हणाले, "पपडीनं होतं तसं, कोंब वर येत नाहीत." आणि तसं होतंही, त्यात खोटं काही नव्हतं. सुवर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एरवी चुरूचुरू बोलणारी पोर, पण तिनं मान वर केली नाही.

कमिटीचं ऐकून हिंमतराव मात्र खुलले. सरांच्या मोटरसायकलपर्यंत सुवर्णा सोडायला आली. गोठ्याच्या आडोशाला आल्यावर ती थांबली आणि खाली बघत म्हणाली, "सर, मले पंच्याऐंशी नव्हते आले."

"मग?"

"अडतीस."

"मग पंच्याऐंशी कुठून आणलेस?" सरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं.

"मले वाटलं मायंच चुकलं. पाणी कमी पडलं असन. आपलं कालेजात नेहमी तसंच होते ना सर? कमीच येते, मंग तुमी म्हणता पंच्याऐंशी धर. बाबाचं बी घरचं, चांगलंच असन, म्हणून मी तेच धरले." ती रडत नव्हती. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं सरळ सांगत होती. "घरी नाई सांगतलं मी. तुमचं नाव तं बिलकूल नाई घेतलं, सर."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि सरांना सुटल्यासारखं वाटलं. नाव घेतलं नाही. क्षणभरच वाटलं ते, पण वाटलं. आणि ज्या पोरीच्या बापाचं गावात तोंड काळं झालं, तिच्यासमोर उभं राहून आपल्याला सुटल्यासारखं वाटावं, या गोष्टीची त्यांना अशी लाज वाटली, की हातातली किल्ली लावायचं भोकच सापडेना.

इतकं होऊनही ते काय बोलले असतील? त्या वेळी त्यांनी तिला 'चूक माझी आहे' असं म्हणायला हवं होतं. परत अंगणात जाऊन हिंमतरावांना सांगायला हवं होतं. हिवराळे सर म्हणाले, "बरं, ते असू दे. कमिटीसमोर तू फक्त पद्धत सांग. आकडा कुणी विचारत नाही. चांगल्या बियाची गुंडाळी मी तयार ठेवतो."

"हाव सर," सुवर्णा म्हणाली. सरांचं ऐकायचं ही तिची जुनी सवय होती.

त्यानंतरचे दिवस सरांनी स्वतःशी वकिली करण्यात घालवले. पाऊस खरंच दडला होता. पपडी खरंच धरली होती. अडतीस सांगितलं असतं तरी हिंमतरावानं ऐकलंच असतं कशावरून? आणि बाकीचे काय करतात? रसायनशास्त्राच्या प्रयोगात कुठला क्षार आहे हे पोरांना आदल्या दिवशीच माहीत असतं. एकट्या हिवराळेंनीच काय घोडं मारलंय? अशी सगळी बाजू मांडून झाली की ती दाराला धरून उभी असलेली पोर आठवायची आणि खटला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. महामाया, त्यांची बायको, एकदा म्हणाली, "सुवर्णाचं प्रात्यक्षिक हाय ना? तुमी तं लय खुश होते." सर ताटावरून उठले.

कृषी केंद्रातून त्यांनी पिशवीबंद उत्तम बी आणलं, गोणपाट मांडलं, रविवारीसुद्धा येऊन स्वतः पाणी मारलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्या प्रयोगशाळेत हा प्रयोग नीट झाला. एक टोक उलगडून पाहिलं तर टपोरे पांढरे कोंब तरारून आले होते.

कमिटीच्या दिवशी सुवर्णा वेळेवर आली. सोबत हिंमतराव होते, कडक धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला नवी टोपी. काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी होती, सुतळीनं बांधलेली.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"घरचंच बी," हिंमतराव म्हणाले. "थोडं उरलं व्हतं. पोरीनं शिकवलं तसं म्याच मांडलं. म्हटलं, एवढे मोठे लोक येऊन राह्यले तं त्यायच्यासमोरच होऊन जाऊ द्या. पंचफुलाबाईले सांगून आलो, आज दूध का दूध होते म्हणून."

सुवर्णानं सरांकडे बघितलं. "सर, मी लय सांगतलं, कालेजातलं हाय म्हणून," ती हळूच म्हणाली. "आयकतच नाई."

"हिंमतराव, इथं तयार ठेवलीय गुंडाळी. तुमची राहू द्या ना."

"नाई नाई, सर. मायीच पाहू द्या." आणि त्यांनी ती गुंडाळी पोरासारखी उराशी धरली. सर पुढे काही बोलणार तोच वऱ्हांड्यात प्राचार्यांचा आवाज आला. कमिटी आलीच.

कमिटीत तिघं होती. अध्यक्ष म्हणजे उंच, थकलेले गृहस्थ; आधीच्या विभागांत इतके चढते आकडे ऐकून आले होते, की त्यांचे डोळे मिटायला आले होते. त्यांच्या डावीकडे एक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तिसरा सदस्य सारखा फोन बघणारा. छाया मॅडमांनी सुवर्णाची ओळख करून दिली. सुवर्णा बोलायला लागली. सुरुवातीला अडखळली, मग पद्धत सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला. दाणे कसे निवडायचे, मोठे मोठेच का उचलायचे नाहीत, ओल किती असावी, सगळं तिनं स्वच्छ सांगितलं. पोरीला खरंच येत होतं. सरांना ते जास्तच लागलं.

"आणि हे तुम्ही घरी केलंत?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

सुवर्णा "हो मॅडम" म्हणायच्या आत हिंमतरावांनी पुढे होऊन आपली गुंडाळी टेबलावर ठेवली. "हे पाहा ना साहेब, घरचंच बी हाय. आत्ताच खोला."

अध्यक्षांचे डोळे जरा उघडले. "अरे वा! पालकही सहभागी? उघडा, उघडा."

सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांची चांगली गुंडाळी खिडकीत तशीच पडून होती. सुवर्णानं सुतळी सोडली. गोणपाट उलगडलं. दाणे ओळींत नीट मांडलेले होते, बापानं कुठे चूक केली नव्हती. ओळीमागून ओळ बुळबुळीत, काळपट, फुगून फुटलेली. मधूनमधून कोंब होते, एखाद्या ओळीत तीन, एखाद्या ओळीत पाच. वास सुटला होता. सुवर्णा बोट फिरवत मनात मोजत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि थांबली.

"किती आले?" अध्यक्षांनी पेन उघडत विचारलं. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते, त्यांना तिथून दाणे दिसत नव्हते.

आकडा सांगायच्या आधी सुवर्णानं सरांकडे बघितलं.

तसंच बघितलं तिनं, जसं दोन वर्षं टेबलाशी येऊन बघत होती. तिच्या हातात तेवढी पेन्सिलच नव्हती. आणि तिचं ते वर बघणं सरांना असं झोंबलं, की त्यांना तिच्या नजरेला नजर देता येईना. आपण या पोरीला काय शिकवलं ते त्यांना त्या घटकेला लख्ख दिसलं. समोर दाणे आहेत, मोजता येताहेत, मोजलेत, आणि तरी खरं काय ते बघायला ही माझ्या तोंडाकडे बघतेय. लाजेनं त्यांची मान खाली गेली.

सुवर्णाला सरांची मान हललेली दिसली.

"पंच्याऐंशी," ती म्हणाली.

"व्हेरी गुड," अध्यक्ष म्हणाले आणि लिहायला लागले. चष्म्याच्या बाई मात्र खुर्चीतून थोड्या पुढे वाकल्या.

हिंमतराव टेबलाला अगदी लागून उभे होते. ते दाण्यांकडे बघत होते. ज्यानं जन्मभर बी हाताळलं त्याला मोजायची गरज काय? आधी त्यांना समजेना. मग समजलं. चेहऱ्यावरची ऐट उतरत गेली. त्यांनी पोरीकडे बघितलं. ती दाण्यांकडे बघतच नव्हती. मग या सगळ्या मोठ्या माणसांकडे बघितलं, वाकून बघू लागलेल्या त्या बाईंकडे बघितलं, आणि गोणपाटाचं टोक उचलून दाण्यांवर घातलं.

"हाव साहेब," हिंमतराव म्हणाले. "पंच्याऐंशी. म्या पाह्यले ना."

ज्या माणसाला सगळं गाव लबाड म्हणत होतं आणि जो मी लबाड नाही हे दाखवायला नवी टोपी घालून आला होता, तो पोरीची अब्रू राखायला सगळ्यांदेखत खोटं बोलला. ते ऐकून हिवराळे सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांच्या हातून आजवर जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं.

"नाही," ते म्हणाले. आवाज फाटलेला आला. "सुवर्णा, परत मोज. मोठ्यानं मोज. आणि माझ्याकडे बघू नकोस."

प्राचार्य "हिवराळे सर!" असं दटावून म्हणाले. छाया मॅडमांनी कपाळाला हात लावला. सुवर्णानं बापाच्या हाताखालून गोणपाट अलगद काढलं आणि मोजायला लागली. एक. दोन. तीन. मधेच ती थांबायची, पुन्हा मोजायची. अडतीसला ती थांबली. आणखी शोधायला म्हणून दोनदा ओळींवरून बोट फिरवलं. आणखी नव्हते.

"मग पंच्याऐंशी कुठून आले?" अध्यक्षांनी विचारलं. सरांनी गोठ्यापाशी विचारलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत.

"माझ्याकडून," सर म्हणाले. "इथं सगळ्यांना पंच्याऐंशीच येतात. मी सांगतो म्हणून येतात. हिनं घरी खरा आकडा काढला होता. पण इथं शिकल्याप्रमाणे तिनं तो बदलला. आणि तो ऐकून यांनी पेरलं, लोकांनाही दिलं. वावरं मोडली. पोरीची चूक नाही. तिनं जे मी शिकवलं ते पुरतं आत्मसात केलं."

अध्यक्षांनी लिहिलेलं खोडलं की नाही ते कुणाला दिसलं नाही. चष्म्याच्या बाईंनी सुवर्णाला जवळ बोलावून विचारलं, "अडतीस आले तर पेरायचं का?" आणि सुवर्णा म्हणाली, "नाही मॅडम. सत्तरच्या खाली असलं तर विचार करायचा, इतकं कमी असलं तर पेरायचंच नाही." "बरोबर," त्या म्हणाल्या. मग प्राचार्य घाईघाईनं कमिटीला भूगोलाकडे घेऊन गेले. जाताना त्यांनी सरांकडे जे बघितलं त्यात पुढच्या वर्षभराचा हिशोब होता, पण सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांची नजर हिंमतरावांवर होती.

हिंमतराव गोणपाट गुंडाळत होते. कुजकं बी होतं, तरी ते नीट सावकाश गुंडाळत होते. सुवर्णा एका कोपऱ्यात तोंडाला ओढणी लावून उभी होती. हिंमतराव तिच्याजवळ गेले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं, माय?" तेवढंच. मग ते दोघं वऱ्हांड्यात आले. सर मागून आले.

"हिंमतराव, मी उद्याच येतो गावात," सर म्हणाले. "पंचफुलाबाईंना सांगतो. सगळ्यांना पारावर बसवून सांगतो. बी देणारा लबाड नाही, पोरगी लबाड नाही. मी आहे."

"या," हिंमतराव म्हणाले. रागावून नाही, नेहमीसारखंच म्हणाले. "या म्हंजे बरं होईन."

ते निघाले, आणि फलकापाशी थांबले. छाया मॅडमांनी सागरचा फोटो मोठा करून लावला होता. पांढरा कोट, हातात रक्ताची नळी, खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: आमचा विद्यार्थी, आमचा अभिमान. हिंमतराव बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग वळले. टोपी त्यांच्या हातात होती.

"सर, एक विचारू का? घरात कौशल्याच्या गोळ्या चालू हायेत. कधी एक, कधी दीड. हा आकडा सांगते तशा." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "हा बी तुमच्याच हाताखाली शिकला ना?"

सरांना सागर आठवला. मागच्या बाकावरचा, शांत पोरगा. वही घेऊन टेबलाशी यायचा, पेन्सिलीतला आकडा दाखवायचा आणि तोंडाकडे बघत उभा राहायचा. हो म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.